हिवाळी आगाऊ साठवण (लडाख)

लडाखमधील लष्करी ठाण्यांना हिवाळाभर लागणारा शिधा, इंधन, कपडे, औषधे, दारूगोळा व सुटे भाग यांचा अंदाज बांधून, खिंडी बर्फाने बंद होण्याआधी सगळा माल जागेवर पोहोचवण्याची भारतीय लष्कराची वार्षिक व्यवस्था. शिधा आणि इंधनाची जबाबदारी मुख्यतः आर्मी सर्व्हिस कोअरकडे असते.

लेहला जाणारे मुख्य रस्ते दोन. श्रीनगरकडचा रस्ता 3,528 मीटर उंचीच्या झोजी ला खिंडीतून जातो. मनालीच्या रस्त्यावर 2020 मध्ये अटल बोगदा झाल्याने रोहतांग खिंड टळली, पण पुढे बारालाचा ला व तांगलांग ला या त्याहून उंच खिंडी ओलांडाव्याच लागतात. झोजी ला पूर्वी पाच-सहा महिने बंद राहत असे. सीमा रस्ते संघटनेने 2023 मध्ये ती 68 दिवसांत आणि 2024 मध्ये 35 दिवसांत पुन्हा खुली केली. तरीही साठा अशा चांगल्या वर्षांवर बेतत नाहीत, वाईट वर्ष गृहीत धरूनच तो करावा लागतो.

हिशेबाचा पाया माणशी रोजचा शिधा हा असतो. समजा, एका चौकीत 40 जवान आहेत आणि वाट 180 दिवस बंद राहणार आहे. म्हणजे एका माणसाला 7,200 दिवस पुरेल इतका शिधा हवा. वाट उघडायला पंधरा दिवस उशीर झाला, तर आणखी 600. त्यावर नासधूस आणि राखीव साठा धरायचा. उंचीवर भूक मंदावते, शरीराची गरज मात्र वाढते. म्हणून अतिउंच भागासाठी शिध्याचे प्रमाणच वेगळे असते. बटाटे गोठतात, अंडी फुटतात, त्यामुळे डबाबंद आणि सुक्या पदार्थांवर भर द्यावा लागतो. मग त्यांची टिकण्याची मुदतही हिशेबात येते, आणि जुना माल आधी संपवावा लागतो.

सगळ्यांत फसवा अंदाज इंधनाचा. केरोसीन बुखारीला (खोली उबदार ठेवणाऱ्या शेगडीला) लागते, चुलीला लागते आणि बर्फ वितळवून पिण्याचे पाणी करायलाही लागते. म्हणजे ते कमी पडले तर अन्न, ऊब आणि पाणी एकदमच तुटते. साधे डिझेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होते. इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल लडाखसाठी आणले.

लेहच्या गोदामात माल आला म्हणजे काम झाले असे नाही. तिथून पुढे लहान ट्रक, खेचरे, पोर्टर आणि हेलिकॉप्टर. 1984 पासून जवान तैनात असलेल्या सियाचीन हिमनदीच्या वरच्या चौक्यांवर हवा इतकी विरळ असते की चीता हेलिकॉप्टर एका फेरीत फारच थोडा माल नेऊ शकते. प्रत्येक जेरीकॅनमागे वैमानिकाचा जीव पणाला लागतो. अंदाजातली चूक इथे सर्वांत महाग पडते, आणि ती भोगणाऱ्या जवानाला जवळपास दुसरे काही मिळण्याची सोय नसते.

2020 मध्ये हा हिशेब ऐन हंगामात बदलावा लागला. जूनमध्ये चिनी सैन्याशी झालेल्या गलवान संघर्षानंतर पूर्व लडाखमध्ये हजारो जवान वाढवले गेले आणि खिंडी बंद होण्याआधी उरलेल्या काही महिन्यांत त्यांच्यासाठी निवारे, कपडे व इंधन पुरवायचे होते. ट्रकच्या ताफ्यांबरोबर सी-17 व आयएल-76 मालवाहू विमानेही त्यासाठी वापरली गेली. आकडेमोड कितीही चोख असली, तरी ज्या संख्येने सगळ्याला गुणायचे तीच शत्रूच्या हालचालींनी बदलते. म्हणून राखीव साठ्याला उधळपट्टी म्हणणे चुकीचे आहे.

व्यवस्थेत त्रुटीही आढळल्या आहेत. 2020 मध्ये संसदेत मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात अतिउंच भागातील कपडे व साधनांच्या खरेदीतील दिरंगाईवर आणि शिध्याऐवजी दिलेल्या पर्यायी पदार्थांमुळे उष्मांक घटल्यावर बोट ठेवले होते. पर्यायी पदार्थ किमतीच्या हिशेबाने दिले जात, आणि भाव वाढले की ताटातला वाटा घटे.

झोजी ला खिंडीखाली बोगद्याचे काम सुरू आहे. तो झाल्यावर श्रीनगरहून लेहकडे वर्षभर वाहतूक शक्य होईल आणि लेहपर्यंतचा साठा कमी ठेवता येईल. लेहच्या पुढच्या खिंडी आणि हिमनदीवरच्या चौक्या यांच्यासाठी मात्र उन्हाळ्यातली भरणी चालूच ठेवावी लागेल.