ब्युरेटच्या आधी चमचा होता

टायट्रेशन, म्हणजे अनुमापन: ताकद माहीत असलेलं द्रावण थोडंथोडं घालून दुसऱ्यातला पदार्थ किती ते मोजणं. आज ते ब्युरेटने, म्हणजे खुणा आणि तोटी असलेल्या काचेच्या नळीने करतात. ते जन्मलं कापड धुणाऱ्यांच्या गरजेतून. अठराव्या शतकात लिनन पांढरं करायला राखेतून काढलेला पोटॅश लागायचा आणि त्यात भेसळ भरपूर. १७५६ साली एडिंबरोचे डॉक्टर फ्रान्सिस होम यांनी पोटॅशवर पातळ नायट्रिक आम्ल चमच्याचमच्याने घातलं आणि फसफस थांबेपर्यंत किती चमचे लागले ते मोजलं. चमचे जास्त, तर माल चोख! पण फसफस नेमकी कधी थांबली, हा नजरेचा अंदाज. १७६७ मध्ये विल्यम लुइस यांनी तिथे लिटमस, म्हणजे आम्लात रंग बदलणारा रंग, आणला, आणि आम्लाची ताकद आधी शुद्ध पोटॅशवर पारखून घेतली. प्रमाण द्रावणाची, म्हणजे नेमकी ताकद माहीत असलेल्या द्रावणाची, कल्पना ती हीच.

पुढे फ्रान्समधल्या रूआँ गावच्या देक्रोआझिल या रसायनतज्ज्ञांनी कापड पांढरं करणारं क्लोरीनचं पाणी नीळ घालून तपासण्यासाठी खुणा केलेली नळी वापरली. पाणी जास्त कडक झालं तर कापडच जायचं.

खरी कसोटी लागली पॅरिसच्या टांकसाळीत. चांदीचा कस मुशीत वितळवून काढण्याच्या जुन्या रीतीत चांदी थोडी कमीच भरायची. १८३० च्या सुमारास फ्रेंच रसायनतज्ज्ञ गे-ल्युसाक यांनी मिठाचं असं द्रावण बांधलं की त्याच्या १०० घनसेंटिमीटरमध्ये आम्लात विरघळवलेली बरोबर १ ग्रॅम चांदी साका होऊन खाली बसावी. शेवटचा हिशेब दहापट पातळ द्रावणाने: १ घनसेंटिमीटरला १ मिलिग्रॅम. बाटली हलवायची, साका बसू द्यायचा, आणखी थोडं घालायचं. पाणी गढुळायचं थांबलं की काम झालं. ‘टायट्रेशन’ शब्दातला ‘तीत्र’ हा फ्रेंच शब्दही मुळात सोन्याचांदीच्या कसाचाच.

या विखुरलेल्या युक्त्यांचं शास्त्र बांधलं जर्मन औषधनिर्माते फ्रीडरिश मोर यांनी, १८५५ च्या ग्रंथात. काचेची तोटी अल्कलीने अडकते, म्हणून त्यांनी ब्युरेटला रबरी नळी आणि चिमटा लावला. हिराकस हवेत लवकर बिघडते, म्हणून त्याजागी त्यांनी अमोनियमयुक्त फिकट हिरवे स्फटिक वापरले.

बारावीच्या प्रॅक्टिकलला आपण ‘मोर्स सॉल्ट’ म्हणून तोलतो ते हेच. वरच्या ब्युरेटमध्ये परमँगनेटचं जांभळं द्रावण, इतकं गडद की रीडिंग वरच्या कडेचं घ्यावं लागतं. गंमत म्हणजे परमँगनेट रबर खातं, त्यामुळे मोर यांच्या मिठाला मोर यांचंच ब्युरेट चालत नाही. तिथे काचेचीच तोटी लागते.