पत्ते मोजणे (ब्लॅकजॅक)

कॅसिनोत ब्लॅकजॅक खेळताना कुठली पानं पडून गेली याचा मनातल्या मनात हिशोब ठेवायचा आणि उरलेली पानं आपल्या फायद्याची असतील तेव्हाच मोठी पैज लावायची, याला पत्ते मोजणे किंवा कार्ड काउंटिंग म्हणतात. सगळी पानं पाठ ठेवावी लागतात असा खूप जणांचा समज असतो, तसं काहीच नाही, मेंढीकोट खेळताना किती दश्श्या पडल्या हे ज्याच्या डोक्यात राहतं त्याला यातलं निम्मं आधीच येतं. मोजणं चालतं का, तर हो, गणित पक्कं आहे. त्यातून पैसे सुटतात का हा मात्र वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर बहुतेकांच्या बाबतीत नाही असंच येतं.

खेळ तसा सोपा. 21 च्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं पण ओलांडायचं नाही, चित्राच्या पानाचे 10, एक्क्याचा 1 किंवा 11. खेळाडू आधी खेळतो आणि 21 च्या वर गेला की त्याचे पैसे लगेच गेले, नंतर डीलरही, म्हणजे कॅसिनोतर्फे पानं वाटून खेळणारा माणूसही, 21 च्या वर गेला तरी ते परत येत नाहीत. कॅसिनोचा मूळ फायदा हा एवढाच. बदल्यात खेळाडूला काही सवलती असतात: पहिल्या दोनच पानांत एक्का आणि दहाचं पान आलं (या हातालाही ब्लॅकजॅकच म्हणतात) तर पैजेच्या दीडपट मिळतात, पैज दुप्पट करता येते, जोडी फोडून दोन हात करता येतात, आणि डीलरला मात्र 16 पर्यंत पान घ्यावंच लागतं, त्याला मर्जी नाही. कुठल्या हाताला काय करायचं याचा बिनचूक म्हणता येईल असा पहिला तक्ता 1956 साली रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मेझेल आणि जेम्स मॅकडरमॉट या अमेरिकन सैन्यातल्या चौघांनी छापला, तोही साध्या आकडेमोडीच्या यंत्रांवर हिशोब करून. याला बेसिक स्ट्रॅटेजी म्हणतात. चांगले नियम असलेल्या टेबलावर तक्ता तंतोतंत पाळला तर कॅसिनोची आघाडी साधारण अर्ध्या टक्क्यावर येते, शंभराच्या पैजेमागे आठ आणे! कॅसिनोतल्या बाकीच्या बऱ्याच खेळांच्या मानाने हे फारच कमी आहे, पण अजून आपण मागेच आहोत.

ही आघाडी उलटवता येते हे दाखवलं एडवर्ड थॉर्पने. हा गणिताचा माणूस, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात असताना त्याने तिथल्या आयबीएम 704 कॉम्प्युटरवर हिशोब केला की कॅटमधून अमुक पानं निघून गेली तर बाकीच्या डावांवर काय परिणाम होतो. रूलेटमध्ये, म्हणजे फिरत्या चाकाच्या खेळात, मागचा आकडा पुढच्याला काही सांगत नाही, पण इथे पडलेलं पान पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही ना, सगळी गोम इथेच. 1961 मध्ये त्याने हे गणितज्ञांच्या परिषदेत मांडलं, मग दोन पैसेवाल्यांनी दिलेले 10 हजार डॉलर घेऊन नेवाडात (लास वेगास ज्या राज्यात आहे तिथे) गेला आणि वर 11 हजार कमावून आला. 1962 मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि धडाधड खपलं. लास वेगासवाले इतके घाबरले की 1964 च्या एप्रिलमध्ये त्यांनी पैज दुप्पट करण्यावर आणि एक्के फोडण्यावर बंधनं आणली, गिऱ्हाईकं रुसली, काही आठवड्यांत नियम गुपचूप जुन्यावर आले. गंमत अशी की पुस्तक वाचून जी झुंबड टेबलावर आली तिच्यातल्या फार थोड्यांना नीट मोजता येत होतं, त्यामुळे कॅसिनोचं उलट भलंच झालं.

आज सगळ्यात जास्त चालणारी पद्धत हाय-लो. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचं पान पडलं की एक मिळवायचा, सत्ती अठ्ठी नव्वी सोडून द्यायची, दश्शी गुलाम राणी राजा एक्का पडला की एक वजा. आकडा वर चढला म्हणजे बारकी पानं निघून गेली, उरलेल्यात मोठी जास्त, आणि मोठी पानं खेळाडूच्या कामाची कारण दीडपटवाला हात जास्त वेळा लागतो, दुप्पट केलेली पैज बरी जाते, आणि 15-16 वर अडकलेल्या डीलरवर पान ओढून 21 ओलांडायची वेळ जास्त वेळा येते. मात्र शूमध्ये, म्हणजे पानं वाटायच्या पेटीत, बहुतेक वेळा सहा नाहीतर आठ कॅट असतात, म्हणून आलेला आकडा उरलेल्या कॅटच्या अंदाजाने भागायचा, म्हणजे +6 झाले आणि तीन कॅट बाकी असतील तर खरा आकडा +2. खरा आकडा एकाने वाढला की साधारण अर्धा टक्का आपल्याकडे सरकतो, म्हणजे +1 ला बरोबरी आणि +2 पासून खरी कमाई. हे सगळं ड्रिंक्स, गाणी, शेजाऱ्याची बडबड आणि वर कॅमेरा असताना चेहरा न हलवता करायचं.

आता पैशांचं बघू. समजा सगळं बिनचूक जमलं आणि सरासरी 1 टक्का आघाडी मिळाली, जी चांगल्या मोजणाऱ्यालाही सहज मिळत नाही. 1000 रुपयांची पैज, तासाला 60 हात, म्हणजे 60 हजारांची उलाढाल आणि 600 रुपये अपेक्षित कमाई. पण त्याच एका तासात नशिबाने होणारी वरखाली साधारण 9 हजारांची असते! 100 तास खेळलात तर अपेक्षित 60 हजार आणि वरखाली जवळपास 90 हजार, म्हणजे एकही चूक न करता शंभर तास बसूनही चारातला एक जण तोट्यातच उठणार. म्हणून हे काम एकट्यापेक्षा टोळीला परवडतं. 1980 मध्ये बिल कॅप्लनच्या पुढाकाराने एमआयटीच्या मुलांची टीम उभी राहिली ती रीतसर धंद्यासारखी, गुंतवणूकदारांचे 89 हजार डॉलर, प्रत्येकाची परीक्षा, वहीत नोंदी. त्याआधी 70 च्या दशकात अल फ्रान्सेस्कोने काढलेली युक्तीही भारी होती, काही जण टेबलांवर बारक्या पैजा लावत नुसते मोजत बसायचे, आकडा चढला की खूण करायचे, मग बिग प्लेअर नावाचा माणूस उडाणटप्पू श्रीमंतासारखा येऊन थेट मोठ्या पैजा लावायचा. त्याने स्वतः मोजलेलंच नसायचं, त्यामुळे पकडणार काय!

डोक्यात मोजणं हा नेवाडात गुन्हा नाही, यंत्र वापरून मोजणं 1985 पासून आहे. पण तिथला कॅसिनो तुम्हाला कारण न देता उठवू शकतो. न्यू जर्सीत केन उस्टन हा खेळाडू कोर्टात गेला आणि 1982 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फक्त मोजतो म्हणून कॅसिनोला परस्पर कुणाला बाहेर काढता येणार नाही. मग न्यू जर्सीतल्याच अटलांटिक सिटी या शहरातल्या कॅसिनोंनी दुसरे मार्ग धरले, लवकर पिसायचं, कॅट वाढवायचे, पैजेला मर्यादा घालायची. आता तर सतत पिसणारी मशीन आहेत, पडलेली पानं लगेच आत परत जातात आणि मोजायला काही उरतच नाही. पण सगळ्यात वाईट बदल टेबलावर उघड छापलेला असतो आणि तरी लोक बसतात: ब्लॅकजॅकला दीडपटीऐवजी 5 च्या पैजेला फक्त 6. एवढ्याने कॅसिनोची आघाडी सुमारे 1.4 टक्क्यांनी वाढते. अशा टेबलावर मोजत बसणं म्हणजे निव्वळ हमाली.

आपल्याकडे जवळचं ठिकाण पणजी. महाराष्ट्रात कॅसिनो नाही, 1976 मध्ये केलेला कायदा कधी लागूच झाला नाही आणि 2023 मध्ये तो रद्दच केला. गोव्यात डीलरवाली टेबलं मांडवीतल्या बोटींवरच चालतात, जमिनीवरच्या पंचतारांकित हॉटेलांत फक्त मशीनला परवानगी, आणि 2020 पासून खुद्द गोंयकारांना कॅसिनोत जुगार खेळायला बंदी आहे. मशीनवर प्रत्येक हाताला नव्याने पिसलं जात असेल तर मोजून शून्य उपयोग. बोटीवर मोजायची संधी मिळाली तरी खरा पहारेकरी कर आहे. चिप्ससाठी भरलेल्या रकमेवर ऑक्टोबर 2023 पासून 28 टक्के जीएसटी होता, सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झाला. तो कॅसिनो स्वतः सोसतो की तुमच्यावर टाकतो हे वेगळं, पण टाकला तर एक लाखाच्या चिप्सवर 40 हजार, म्हणजे वरच्या हिशोबाने ताशी 600 ने तो भरून काढायलाच 66-67 तास, आणि चिप्स मोडून घरी आलात की पुढच्या खेपेला परत तेच. त्यात जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के इन्कम टॅक्स, वर सरचार्ज-सेस वेगळा, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करायची सोय नाही, सोमवारी 50 हजार जिंकलात आणि मंगळवारी तेवढेच घालवलेत तरी कर सोमवारच्या 50 हजारांवर लागतो.