शौर्यवाचक व कौशल्यवाचक शब्द (मराठी)

मराठीत शौर्य आणि कौशल्य सांगणारे शब्द भरपूर आहेत, पण ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कोणता शब्द कुठे बसतो हे त्याच्या कोशातल्या अर्थापेक्षा त्याला जोडून येणाऱ्या क्रियापदावरून अधिक नेमके कळते.

धीर, धैर्य, हिंमत आणि धाडस हे चार शब्द सर्वांत जास्त गोंधळात टाकतात. ‘धीर’ (पुल्लिंगी) मराठीत मुख्यतः सोसण्याचा आहे: धीर धरणे म्हणजे वाट पाहणे, धीर देणे म्हणजे दुसऱ्याला सावरणे; धीर सुटतो, खचतो. ‘धैर्य’ (नपुंसकलिंगी) संकटाला तोंड देताना दिसते. ते दाखवले जाते, एकवटले जाते. अरबीतून आलेली ‘हिंमत’ (स्त्रीलिंगी) कृतीच्या आधीची: ती होते, धरली जाते, हरली जाते. ‘धाडस’ (नपुंसकलिंगी) प्रत्यक्ष कृतीत असते आणि त्यात धोका गृहीत असतो. म्हणून आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याला धीर दिला जातो, धाडस नव्हे. आणि पुरात उडी टाकणाऱ्याने धाडस केले असे म्हणतात, धीर केला असे नव्हे.

‘शौर्य’ आणि ‘पराक्रम’ दोन्ही गाजवले जातात. शौर्य हा गुण आहे, पराक्रम ही घडलेली कामगिरी. म्हणून ‘त्याचे पराक्रम’ असे अनेकवचन सहज होते, शौर्याचे होत नाही. घरात ‘काय पराक्रम केलास?’ असे विचारले, की काहीतरी फुटले किंवा सांडले आहे असे समजावे. फारसी ‘मर्दुम’वरून आलेली ‘मर्दुमकी’ही गाजवतात. शिवाजी महाराजांचे सरसेनापती हंसाजी मोहिते यांचे ‘हंबीरराव’ आणि कुडतोजी गुजर यांचे ‘प्रतापराव’ हे शौर्यवाचक किताब इतके रूढ झाले, की मूळ नावे मागे पडली.

लष्करी सन्मानांत हे शब्द काटेकोर क्रमाने लावलेले आहेत. शत्रूसमोरील शौर्यासाठी परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र. शत्रूसमोर नसतानाच्या शौर्यासाठी अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र. पहिली तीन २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाली. शेवटच्या दोघांना ही नावे १९६७ मध्ये मिळाली. त्याआधी ती अशोक चक्राचे दुसरे आणि तिसरे वर्ग होती. परमवीर चक्राचे संकल्पचित्र सावित्री खानोलकर यांचे. लिहिताना ‘वीर चक्र’ आणि ‘शौर्य चक्र’ यांची अदलाबदल करू नये. तिथे प्रसंगाचा प्रकारच बदलतो.

कौशल्याचे शब्द बहुधा ‘-त’ प्रत्यय मागतात: गणितात निष्णात, शास्त्रात पारंगत, पोहण्यात तरबेज, व्यवहारात वाकबगार. ‘हातखंडा’ला मात्र त्याबरोबर माणसाची षष्ठीही लागते: ‘मोदक वळण्यात तिचा हातखंडा.’ ‘निष्णात’ आणि ‘पारंगत’ यांत दीर्घ अभ्यास अभिप्रेत आहे, त्यामुळे निष्णात शल्यविशारद म्हणतात, निष्णात खिसेकापू शोभत नाही. त्याला ‘पटाईत’ हाच शब्द. पट्टा फिरवणाऱ्याशी नाते असलेला हा लढाऊ शब्द आज थापा मारण्यात, उधारी बुडवण्यात पटाईत अशा संगतीत अधिक दिसतो. तालमीतल्या ‘वस्ताद’चेही तसेच: आखाड्यात तो डाव शिकवणारा गुरू, बाहेर ‘भलताच वस्ताद आहे’ म्हटले की बेरकी माणूस.

‘कसब’ हा हाताच्या कामाचा शब्द. सोनार, विणकर, गवंडी यांचे कसब असते आणि ते पणाला लागते. ‘कसबी कारागीर’ हा गौरव आहे, पण ‘कसबीण’ या रूपाचा रूढ अर्थ वेश्या असा असल्याने कुशल स्त्रीसाठी ते कधीही वापरू नये. निपुण, कुशल हे शब्द दोन्ही लिंगांना चालतात. भित्रेपणासाठी ‘हातात बांगड्या भरणे’ हा वाक्प्रचारही टाळावा, तो बायकांचा अपमान करतो. ‘शेपूट घालणे’, ‘हातपाय गाळणे’ यांनी तेच काम होते.

लेखनातली नेहमीची चूक म्हणजे दुहेरी भाववाचक प्रत्यय: शौर्यता, धैर्यता, कौशल्यता. शूर, कुशल आणि संस्कृतातला ‘धीर’ ही विशेषणे. त्यांना ‘-य’ लागून भाववाचक नाम आधीच तयार झालेले असते, पुन्हा ‘-ता’ लावायला जागा उरत नाही. ‘शूरता’, ‘कुशलता’ ही रूपे शुद्ध आहेत. ‘तज्ञ’ हे रूपही चुकीचे; तत् + ज्ञ असल्याने ‘तज्ज्ञ’ असेच लिहावे.