परसबागेतल्या भाज्यांचं कीड संरक्षण

परसबागेतल्या भाज्यांचं कीड संरक्षण म्हणजे घरामागे, गच्चीवर, बाल्कनीतल्या ग्रो बॅगमध्ये नाहीतर जुन्या बादल्या-टबांत लावलेली वांगी, मिरची, टोमॅटो, भेंडी, वाल, दोडका, कारली अशी झाडं किडे, अळ्या, गोगलगायी, उंदीर, पक्षी यांच्यापासून वाचवायचं काम. शेतातल्या फवारणीचं गणित इथे चालत नाही. शेतकऱ्याला माल बाजारात न्यायचा असतो, डागी वांगं व्यापारी घेत नाही, म्हणून त्याला फवारावं लागतं, घरी मात्र चार-पाच झाडं असतात, ती रोज डोळ्यासमोर असतात आणि त्यांच्यावर जे मारलं ते दोन दिवसांत आपल्याच भाजीत येतं. त्यामुळे घरच्या बागेत एकही किडा नको असा हट्ट धरायचं कारण नाही, थोडी पानं खाल्ली गेली तरी झाड फळं देतं.

सगळ्यात मोठं काम म्हणजे पान उलटून बघणं. बहुतेक किडी पानाच्या खालच्या बाजूला बसतात, अंडीही तिथेच घालतात, आणि वरून पाणी घालून निघून गेलं की आठवडाभर पत्ताच लागत नाही. सकाळी पाणी घालताना दोन-दोन पानं उलटली तरी अंड्यांचा पुंजका, कोवळी अळी, माव्याची पहिली वसाहत हातानेच काढता येते, आणि ज्यांच्याकडे दहाबारा कुंड्या आहेत त्यांना खरं सांगायचं तर बाटलीतलं औषध लागतच नाही.

मावा हा सगळ्यांच्या ओळखीचा. वालाच्या शेंगांवर काळा, कोबीवर राखाडी, मिरचीवर हिरवट. तो रस शोषतो आणि गोड चिकटा सोडतो, त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते, आणि तोच चिकटा खायला मुंग्या येतात. मुंग्या नुसत्या खात नाहीत, माव्याच्या शत्रूंना हुसकावून लावतात, म्हणून मावा आवरायचा तर आधी मुंग्यांची ये-जा तोडावी लागते, कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवली तरी पुष्कळ फरक पडतो. बाकी पाण्याचा जोरदार फवारा मारला की मावा खाली पडतो आणि परत वर चढणं त्यातल्या बहुतेकांना जमत नाही. उरलेल्यावर एक लिटर पाण्यात चमचाभर सौम्य लिक्विड सोप. कपड्यांचा डिटर्जंट वापरू नये, पानं करपतात.

माव्याचा खरा शत्रू म्हणजे ढालकिडा, ज्याला मुलं लेडीबर्ड म्हणतात. मोठा ढालकिडा सगळे ओळखतात पण त्याची अळी काळी, काटेरी, इवल्याशा मगरीसारखी दिसते आणि लोक घाबरून तिलाच चिरडतात, हे फार वाईट होतं कारण ती दिवसभर मावाच खात असते. उलट वांग्याच्या पानावर अठ्ठावीस ठिपक्यांचा, मळकट रंगाचा, न चकाकणारा एक भुंगेरा असतो, तो त्याच कुळातला पण पानं खाणारा, पानाची नुसती जाळी करून ठेवतो. त्याच्या पिवळ्या काटेरी अळ्या आणि पानामागची उभी पिवळी अंडी काढून टाकायची. कोण आपलं आणि कोण परकं हे न बघता सरसकट फवारलं की आधी आपले मरतात, आणि मावा तर झपाट्याने परत वाढतो.

मिरचीची पानं वळली की सगळे बोकड्या आला, चुरडा-मुरडा आला म्हणतात, पण पान कुठे वळलंय ते बघावं. कडा वरच्या बाजूला वळून वाटी झाली असेल तर बहुतेक वेळा फुलकिडे, खालच्या बाजूला वळली असेल तर कोळी, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारा माइट. फुलकिड्यांना निळे चिकट सापळे लागतात, पांढऱ्या माशीला पिवळे. पिवळा सापळा घरीही होतो, पिवळ्या प्लास्टिकच्या तुकड्याला एरंडेल लावून झाडाच्या शेंड्याच्या उंचीला टांगायचा. यातला लाल कोळी उन्हाळ्यात, कोरड्या हवेत वाढतो, पानाखाली बारीक जाळी दिसते, तेव्हा पानाच्या खालून रोज पाणी मारणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

पांढरी माशी स्वतः रस पिते ते परवडलं, तिच्यामुळे पसरणारे व्हायरस परवडत नाहीत. भेंडीच्या शिरा पिवळ्या होऊन सगळं पान पिवळं पडतं तो केवडा, टोमॅटोची पानं लहान होऊन आकसतात तो लीफ कर्ल, आणि या दोन्हींवर औषध नाही, झाड उपटून टाकायचं, जीवावर आलं तरी. बियाणं निवडतानाच विचार केलेला बरा. मराठवाड्यातल्या कृषी विद्यापीठात तयार झालेलं परभणी क्रांती हे भेंडीचं वाण केवड्याला तोंड देणारं म्हणूनच नावाजलं गेलं.

वांग्याची गोष्ट वेगळीच. शेंडा एकदम मान टाकतो, पाणी तर घातलेलं असतं, मग कापून बघितलं की आत गुलाबी अळी. ही शेंडे आणि फळं पोखरणारी अळी, आणि ती एकदा आत शिरली की बाहेरून मारलेलं काहीही तिच्यापर्यंत पोहोचत नाही, शेतात वांग्यावर इतक्या फवारण्या होतात त्याचं हेच कारण. हिच्यासाठीच जालन्याच्या महिको कंपनीने बीटी, म्हणजे अळीला मारणारं जनुक घातलेलं वांगं आणलं होतं, त्यावर देशभर वाद झाला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली, बांगलादेशने मात्र २०१३ मध्ये परवानगी दिली. परसबागेत तो प्रश्नच येत नाही, कारण मलूल शेंडा दिसला त्याच दिवशी खालपर्यंत कापून, अळीसकट साबणाच्या पाण्यात बुडवला की तिची पुढची पिढी थांबते, आणि छाटलेल्या झाडाला नवीन फुटवे येतात. कापलेला शेंडा कंपोस्टमध्ये टाकू नये, अळी तिथे जाऊन कोष करते.

वेलांवर फळमाशी. ती कोवळ्या कारल्या-दोडक्याच्या सालीखाली अंडी घालते, फळ वाकडं होतं, डिंकासारखा थेंब येतो, मग पिवळं पडून गळतं. अळ्या गळलेल्या फळातून मातीत शिरून कोष करतात, म्हणून खाली पडलेलं फळ तिथेच राहू देणं म्हणजे पुढच्या महिन्याच्या माश्या पाळणं. ती फळं रोज उचलून बादलीत बुडवावीत किंवा काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कडक उन्हात ठेवावीत. फळ धरलं की बोटभर असतानाच त्याला कागदी पिशवी घालावी, चार-पाच वेलांच्या बागेला याहून चांगला उपाय नाही. गंध सापळा, म्हणजे माशीला वासाने ओढणारा डबा, विकत घ्यायचा तर वेलभाज्यांना क्यू ल्यूर या गंधाचा मागून घ्यावा, आंबा-पेरूच्या माशीसाठी मिथाइल युजेनॉलचा मिळतो त्याचा इथे उपयोग होत नाही. सापळ्यात फक्त नर पडतात, त्यामुळे नुसता सापळा लावून पिशव्या आणि वेचणी सोडू नये.

फवारायचंच झालं तर निंबोळी अर्क. पावसाळ्याच्या सुमाराला पिकून पडलेल्या निंबोळ्या गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवायच्या, आणि लागेल तेव्हा ५० ग्रॅम बारीक कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळून थोडा साबण घालायचा, हा झाला पाच टक्के अर्क. तो झाकून ठेवून त्याच दिवशी ऊन उतरल्यावर फवारावा कारण त्यातलं ॲझाडिरॅक्टिन हे मुख्य द्रव्य उन्हात लवकर निकामी होतं. लोकांची तक्रार असते की मारलं तरी किडे मेले नाहीत, पण तो लगेच मारतच नाही, अळीचं खाणं आणि कात टाकणं बिघडवतो, त्यामुळे आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा मारून वाट बघावी लागते. हे ज्ञान आपल्याकडे किती जुनं आहे ते सिद्ध करायची वेळही आली होती, कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक वापरावर अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीने युरोपात पेटंट मिळवलं होतं, ते २००० साली रद्द झालं आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं.

दशपर्णी अर्क, म्हणजे कडुनिंब, निर्गुडी, करंज, रुई, सीताफळ, एरंड, पपई वगैरे दहा झाडांचा पाला गोमूत्र-शेणात महिनाभर कुजवलेला, हा गावाकडे चांगला चालतो, पण फ्लॅटच्या बाल्कनीत त्याचा वास शेजाऱ्यांना सहन होत नाही. शहरात ब्युव्हेरिया, व्हर्टिसिलियम या किडींना मारणाऱ्या बुरशींच्या पावडरी सोयीच्या, कृषी विद्यापीठं आणि कृषी विज्ञान केंद्रांतही मिळतात, त्यांना ओलावा लागतो म्हणून पावसाळी हवेत जास्त चालतात. तंबाखूचं पाणी मात्र कोणी कितीही सांगितलं तरी भाजीवर मारू नये, निकोटीन माणसालाही विषच आहे, शिवाय तंबाखूतून टोमॅटो-मिरचीला मोझॅकचा व्हायरस लागू शकतो.

कृषी केंद्रातून शेतीचं रासायनिक औषध आणून थोडंसं कुंडीत मारणं तर अजिबातच नको. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, आणि हिरवा म्हणजे निरुपद्रवी असं नाही. फवारणी आणि तोडणी यात किती दिवस जायला हवेत ते लिहिलेलं असतं, घरात ते कोणी पाळत नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कापसावर फवारताना विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते तर रोज फवारणारे, कामाची सवय असलेले लोक होते.

पावसाळ्यात गोगलगायी. मोठी आफ्रिकन गोगलगाय आता सगळीकडे झालीय, २०२२ मध्ये लातूर-बीड-उस्मानाबाद भागात तिने सोयाबीनची कोवळी रोपं खाऊन टाकली होती. संध्याकाळी ओलं गोणपाट पसरून ठेवलं की सकाळी त्याखाली जमलेल्या सापडतात, हातमोजे घालून उचलून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात, उघड्या हाताने धरू नयेत. गोगलगायी मारायच्या विषारी गोळ्या टाकल्या तर कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेततं.

कबुतरं कोवळी रोपं उपटतात, खारी टोमॅटो कुरतडतात, यांना नायलॉनची जाळी हा एकच उपाय टिकतो, चकाकणाऱ्या सीडीला कबुतरं चार दिवसांत सरावतात. जाळी पूर्ण झाकली तर मधमाश्याही आत येत नाहीत, मग भोपळा-काकडीची नरफुलं तोडून मादीफुलांवर सकाळीच टेकवावी लागतात, दुधी-दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात म्हणून त्यांचं हे काम संध्याकाळी. कोकणात वानर-माकडांपुढे जाळीही चालत नाही, तिथे बरेच लोक फळभाज्या कमी करून परसात हळद, सुरण अशी माकडं फारशी न खाणारी पिकं घेतात.