स्ट्रिप पॉझिटिव्ह आली म्हणजे बीज फुटलंच का?

चान्स घेणाऱ्या कितीतरी जणी ओव्ह्युलेशन किटच्या स्ट्रिपवर दोन गडद रेघा दिसल्या की खूश होतात, झालं एकदाचं ओव्ह्युलेशन, म्हणजे बीज फुटून अंडाशयातून बाहेर पडलं. पण तसं नसतं गं. स्ट्रिप लघवीतलं एलएच नावाचं हार्मोन बघते, म्हणजे बीज सोड अशी मेंदूकडून ऑर्डर निघाली एवढंच कळतं. बीज फुटतं त्यानंतर, साधारण २४ ते ३६ तासांत, आणि कधीकधी ऑर्डर निघूनही फुटत नाही. पीसीओएस (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असेल तर एलएच मुळातच चढं असू शकतं, मग स्ट्रिप रोज पॉझिटिव्ह येते आणि बिचारी आशेवर बसते, मला खरंच वाईट वाटतं. आणि हो, प्रेग्नन्सी किटसारखी पुसट रेघ इथे धरायची नाही, कंट्रोलच्या, म्हणजे स्ट्रिप नीट चालतेय हे दाखवणाऱ्या रेघेइतकी तरी गडद हवी.

फुटलं का, हे कळतं प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनवरून, कारण ते फुटल्यानंतरच नीट वाढतं. एक मिली रक्तात ३ नॅनोग्रॅमच्या वर आलं तर बहुतेक फुटलंय. पण ही टेस्ट सगळ्यांना सरसकट २१व्या दिवशी करायला सांगतात ना, तिथे घोळ होतो. ते गणित २८ दिवसांच्या पाळीचं. तुझी पाळी ३५ दिवसांनी येत असेल तर बीजच २१व्या दिवसाच्या आसपास फुटणार, त्या दिवशी रक्त दिलंस तर रिपोर्ट कमीच येणार आणि तू उगाच रडत बसणार. पुढची पाळी अपेक्षित असेल त्याच्या ७ दिवस आधी दे.

सकाळी उठल्याउठल्या टेंपरेचर घ्यायची पद्धतपण प्रोजेस्टेरॉनवरच चालते, ०.२ ते ०.५ डिग्री सेल्सिअस वाढून सलग तीन दिवस टिकलं तर फुटलं समजायचं. पण मुंबईत कुणाला पहाटे चारला पाणी भरायला उठायचं, कुणी नाइट शिफ्ट करून विरार लोकलने घरी येऊन झोपणार, असा चार्ट नीट येत नाही, त्याचं टेन्शन घेऊ नका. फॉलिक्युलर स्टडीत सोनोग्राफीवर फॉलिकल, म्हणजे बीजाची पिशवी, वाढताना आणि मग फुटलेलं दिसतं, फक्त फेऱ्या खूप होतात.

तरी स्ट्रिप टाकून देऊ नका. बीज जगतं १२ ते २४ तास, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत, म्हणजे टेंपरेचर चढलेलं दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. जवळ कधी यायचं ते स्ट्रिपलाच विचारा.

बीज फुटतंय तरी वर्षभरात दिवस राहिले नाहीत, किंवा वय ३५च्या पुढे असून सहा महिने झाले, तर डॉक्टरकडे जा, आणि नवऱ्याची सीमेन टेस्ट पहिल्याच फेरीत करून घ्या.