फेस आला म्हणजे जंतू मेले?

जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की फेस येतो, आणि ‘बघा, जंतू मरताहेत’ असं सर्रास सांगितलं जातं. हे चूक आहे. फेस म्हणजे ऑक्सिजनचे बुडबुडे. कॅटालेज नावाचं विकर (एन्झाइम) पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, आणि ते आपल्या तांबड्या रक्तपेशींतच भरपूर असतं. त्यामुळे जंतू नसले तरी ताजी जखम फेसाळते. उलट स्ट्रेप्टोकॉकससारख्या घातक जंतूत कॅटालेज नसतंच!

नेहमीचं ३ टक्क्यांचं द्रावण जखम भरून आणणाऱ्या पेशींनाही इजा करतं. म्हणून ते रोज वापरू नका.

जुनाट जखमेत जंतू चिकट थर धरतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. त्याआड औषध नीट पोहोचत नाही. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी मात्र येतच राहतात. त्यांची विकरं नवं कोलॅजन (जखम सांधणारं प्रथिन) तयार होताच तोडतात आणि जखम सुजेच्या टप्प्यातच अडकते. हा थर डॉक्टरांनाच मृत ऊतींसह खरवडून काढावा लागतो. तो पुन्हा धरतो, म्हणून एकदा काढून भागत नाही.

साध्या जखमेला वाहतं स्वच्छ पाणी आणि स्वच्छ पट्टी पुरते. लाली पसरली, दुखणं वाढलं, पू किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.