करवंदाच्या जाळीचा मागोवा

मे महिन्यात कसाऱ्याच्या नाहीतर खंडाळ्याच्या घाटात पळसाच्या द्रोणातून करवंदं विकणाऱ्या कातकरी, ठाकर बाया भेटतात. डोंगरची काळी मैना! करवंद दातांनी फोडायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. चिकानं ओठ चिकटले तरी द्रोण संपेपर्यंत हा खेळ थांबत नाही.

या रानमेव्याची लेखी नोंद फार जुनी आहे. चरकसंहितेत दहा हृद्य, म्हणजे हृदयाला हितकर, द्रव्यांची यादी आहे. तीत आंबा, बोर, डाळिंब, महाळुंगाच्या पंगतीला 'करमर्द' बसलेलं आहे. तेच आपलं करवंद. पुढे १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज वैद्यानं वेलदोड्याच्याच प्रकरणात 'कारांदास'ची ओळख करून दिली. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७६७ मध्ये शास्त्रीय नाव दिलं तेही 'कारिसा कारांदास'. देशी नाव असं टिकून राहिलं, याचा मला फार आनंद वाटतो.

करवंदाचा काटा मात्र वेगळ्याच कामी आला. फांदीच्या पेरापेरावर जोडीनं येणारे हे काटे इतके कडक, की जाळीत गुरं शिरत नाहीत. म्हणून शेताच्या बांधावर करवंद लावतात. इंग्रज सरकारनं हीच युक्ती मिठावर कर वसूल करायला वापरली. करचुकवं मीठ अडवायला पंजाबपासून बऱ्हाणपूरवरून ओरिसाकडे जकातीची रेषा आखली होती. १८६७ नंतर, अ‍ॅलन ह्यूम जकात आयुक्त असताना, तिच्यावर जिवंत काटेरी कुंपण वाढवण्याचं काम जोरात झालं. त्यात बोर, बाभूळ, निवडुंगासोबत करवंदही होतं. ज्या करवंदाचं लोणचं मिठाशिवाय होत नाही, त्यालाच गरिबाच्या मिठावर पहाऱ्याला उभं केलं! १८७९ मध्ये ती रेषा रद्द झाली.

पण त्याच्या आदल्याच वर्षी, १८७८ मध्ये, नवा वन कायदा आला होता. राखीव जंगलातलं फळ तोडायलाही आता परवानगी लागू लागली. पिढ्यान्‌पिढ्या जाळ्या धुंडाळणारी माणसं आपल्याच डोंगरात परकी झाली. गौण वनोपजावरचा, म्हणजे फळं, मध अशा रानातल्या वस्तूंवरचा, त्यांचा मालकीहक्क कायद्यात लिहिला जायला २००६ साल उजाडलं.